सैतानाचे कूळ शोधणाऱ्यास

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे म्हणतात. सैतानाच्या कुळाबद्दल मात्र या म्हणीने कसलीही मनाई केलेली नाही, आणि ख्रिस्ती धर्मशास्त्राने या मोकळिकीचा जवळजवळ दोन हजार वर्षे पुरेपूर लाभ घेतला आहे. आपणही सैतान कोण, कुठला आणि मुळात झालाच कसा या वादात उतरण्याचे मनावर घेतले असेल, तर आपले मनापासून स्वागत. या खटल्यातला मुख्य पक्षकार कधीच साक्षीला येत नाही, मूळ कागदपत्रे तोकडी आहेत, आणि तरीही प्रत्येक वकिलाच्या खिशात निकालपत्र तयार असते. नवख्या माणसाला याहून सोयीचे न्यायालय मिळणे कठीण.

सुरुवातीलाच एक पथ्य सांगून ठेवतो. जुना करार, म्हणजे बायबलाचा पूर्वार्ध, फार बारकाईने वाचू नये, त्याने उत्साहभंग होतो. हिब्रू भाषेत 'सातान' हा शब्द मुळात कुणाचे नाव नसून 'विरोधक', 'फिर्यादी' अशा अर्थाचे साधे सामान्यनाम आहे. गणनेच्या पुस्तकात बलाम नावाच्या द्रष्ट्याच्या गाढवीची वाट अडवून जो उभा राहतो तो साक्षात परमेश्वराचा दूत आहे, आणि 'विरोधक म्हणून' उभा राहिला हे सांगताना तिथे हाच शब्द त्याला लावलेला आहे. ईयोबाच्या आणि जखऱ्याच्या पुस्तकांत या शब्दाआधी निश्चित उपपद, इंग्रजीतल्या 'द'सारखे, लागते, म्हणजे तो एखाद्या हुद्द्यासारखा वाचावा लागतो. ईयोबातला प्रसंग तर वाद घालणाऱ्याच्या दृष्टीने अगदीच गैरसोयीचा आहे. देवपुत्र परमेश्वरापुढे हजर होण्यासाठी येतात आणि त्यांच्यात हाही येतो. दारात त्याला कोणी हटकत नाही. कुठून आलास, असे परमेश्वर विचारतो, आणि पृथ्वीवर इकडेतिकडे हिंडून आलो, असे हा सांगतो. फिरतीवरून परतलेल्या तपासनिसाने वरिष्ठांना तोंडी अहवाल द्यावा, तसा. पुढे ईयोब या सत्शील माणसाला छळण्याआधी तो रीतसर परवानगी घेतो आणि घालून दिलेली मर्यादा इमानाने पाळतो: पहिल्या खेपेस अंगाला हात लावायचा नाही, दुसऱ्या खेपेस जीव घ्यायचा नाही. बंडखोराचे इतके नियमशीर वागणे पाहून आपला वाद उभा राहण्याआधीच बसेल, म्हणून हे दोन अध्याय भाविकांना धीर देण्यासाठी राखून ठेवावेत आणि वादात आणू नयेत.

याहून जपायचे आहे ते दावीद राजाच्या शिरगणतीपासून. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात परमेश्वराचा कोप इस्राएलावर भडकतो आणि तो दावीदाला लोकांची मोजदाद करायला प्रवृत्त करतो. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या 21 व्या अध्यायात तीच शिरगणती, तोच राजा, तोच सेनापती यवाब. फक्त प्रवृत्त करणारा आहे सैतान, आणि इथे त्याच्या नावाआधीचे उपपदही गळून पडलेले आहे. दोन लेखकांच्या मधल्या काळात कोणीतरी खतावणीतली एक नावे रक्कम एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यावर टाकली. ही दोन पाने शेजारी शेजारी ठेवून वाचणाऱ्याला पुढच्या वादापैकी बराचसा भाग आधीच कळून चुकतो. तेव्हा ती एका बैठकीत उघडू नयेत, आणि उघडलीच तर दोन्ही खाती मुळात वेगळीच होती असे ठासून सांगावे.

आता जन्मकथेकडे वळू. एदेन बागेतला साप म्हणजेच सैतान, हे उत्पत्तीच्या पुस्तकात कुठेही लिहिलेले नाही, पण ते लिहिलेले आहे असे समजूनच चालावे. सैतानाच्या मत्सरामुळे जगात मरण आले, हे वचन शलमोनाच्या नावावर चालणाऱ्या ज्ञानग्रंथात आहे; तो ग्रंथ कॅथलिकांच्या बायबलात आहे आणि प्रॉटेस्टंटांच्या नाही. आपण प्रॉटेस्टंट असाल तर ग्रंथ नाकारावा आणि त्यातली कल्पना मात्र ठेवून घ्यावी, हा मार्ग पुष्कळांनी चोखाळून गुळगुळीत केलेला आहे. 'जुनाट साप' आणि सैतान एकच असल्याचे स्पष्ट विधान थेट प्रकटीकरणात, म्हणजे बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात येते. रहस्यकथेत गुन्हेगाराचे नाव अखेरच्या पानावर कळले म्हणून पहिल्या पानावरचा खून कोणी दुसऱ्याच्या माथी मारत नाही, असे यावर उत्तर देता येते. उत्तर वाईट नाही.

सैतानाचे खासगी नाव लुसिफर, हेही बिनदिक्कत सांगावे. यशयाच्या 14 व्या अध्यायातील प्रभातपुत्र, तेजस्वी तारा, जो आकाशातून कोसळला, तो त्याच अध्यायाच्या चौथ्या वचनानुसार बाबेलचा, म्हणजे बॅबिलोनचा, राजा आहे, पण आपल्याला बारावे वचन हवे आहे, चौथे नव्हे. हिब्रूतील त्या ताऱ्यासाठी जेरोम या धर्मपंडिताने लॅटिन भाषांतरात 'लुसिफर' म्हणजे 'प्रकाश आणणारा', पहाटेचा शुक्र, हा सरळ शब्द वापरला. आता लॅटिन बायबलात हाच शब्द पेत्राच्या दुसऱ्या पत्रात भक्तांच्या हृदयात उगवणाऱ्या तेजासाठी आलेला आहे, आणि चौथ्या शतकात सार्डिनिया बेटावरच्या काल्यारी शहराचा बिशप लुसिफर याच नावाने वावरत होता, तेही ख्रिस्ताच्या देवत्वाचा कडवा कैवारी म्हणून. त्याच्या अनुयायांना लुसिफेरियन म्हणत आणि त्यांच्याविरुद्ध संवाद लिहिणारा पुन्हा जेरोमच. हा तपशील समोरच्याला ठाऊक नसतो, तेव्हा आपणही तो काढू नये. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनने या वचनाचा सैतानाशी लावलेला संबंध अज्ञानातून आल्याचे लिहून ठेवले, पण कॅल्विनला मानणाऱ्यांपैकी अनेकांनी या एका बाबतीत त्याला मोठ्या मनाने क्षमा केलेली दिसते. मी स्वतः एका अभ्यासवर्गात बाबेलच्या राजाचा विषय काढण्याची चूक एकदा केली. वर्ग घेणाऱ्या गृहस्थांनी अतिशय सौम्यपणे विचारले, "ही शंका आपल्या मनात कोणी घातली, याचा विचार केला आहे का?" त्यानंतर मी चहा होईपर्यंत गप्प बसलो.

गुन्हा कोणता, हे ठरवण्यात मात्र आपल्याला भरपूर वाव आहे. हनोखाचा ग्रंथ या प्राचीन यहुदी ग्रंथानुसार दोनशे देवदूत हर्मोन पर्वतावर उतरले आणि माणसांच्या मुलींच्या नादी लागले. दुसऱ्या शतकात जस्टिन या धर्मलेखकाला आणि त्याच्यानंतर तर्तुलियनलाही ही कथा पटलेली होती, आणि इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तर तो ग्रंथ बायबलातच ठेवला आहे. पुढे देवदूतांना शरीरच नसते असे ठरल्यावर या आरोपाची पंचाईत झाली. इरेनियस आणि सिप्रियन या आरंभीच्या बिशपांनी मत्सराचे कलम लावले: देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवले, ते याला सोसवले नाही. ऑरिजेन आणि ऑगस्टीन या धर्मपंडितांनी गर्वाचे कलम लावले आणि पश्चिमेत तेच टिकले. मत्सराच्या पक्षात एक अडचण आहे, की मत्सर करायला आधी माणूस हवा, म्हणजे सैतान माणसानंतर बिघडला असे मानावे लागते. गर्वाला कोणाचीच गरज लागत नाही. मध्ययुगीन तत्त्वज्ञ डन्स स्कॉटसने त्या गर्वातही एक प्रकारची आत्मिक विषयासक्ती शोधून काढली, आणि देव माणसाचा अवतार घेणार हे कळल्यावर देवदूतांच्या अभिमानाला ठेच लागली, असे स्पॅनिश जेझुइट पंडित सुआरेझने सुचवले. हवे ते कलम निवडावे. आरोपी कोणत्याच कलमाला हरकत घेत नाही.

गुन्ह्याची वेळ सांगताना कचरू नये. योहानाच्या शुभवर्तमानात तो 'प्रारंभापासून' मनुष्यघातक असल्याचे म्हटले आहे. प्रारंभापासूनच दुष्ट म्हटले, तर देवाने त्याला दुष्टच घडवले असा अर्थ निघतो. उशिरा बिघडला म्हटले, तर 'प्रारंभापासून' या शब्दांचे काय करायचे हा प्रश्न उरतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने या फटीतून वाट काढली ती अशी, की पहिल्या क्षणी तो चांगला होता आणि बहुधा त्याच्या लगेच पुढच्याच क्षणी त्याने पाप केले. म्हणजे सैतानाचे सगळे निर्मळ आयुष्य एका क्षणाचे. ज्यांना एवढी घाई मानवत नाही त्यांच्यासाठी 1909 च्या स्कोफिल्ड बायबल या सटीप इंग्रजी आवृत्तीतील टिपांनी उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वचनांच्या मधल्या पूर्णविरामात अख्खी उलथापालथ बसवून देवदूतांच्या पतनाकडे बोट दाखवले आहे. एका पूर्णविरामात इतके सामान मावलेले मी अन्यत्र पाहिलेले नाही.

एवढे ठरले, की मग खरा प्रश्न येतो, आणि तिथे सावधपणे पाऊल टाकावे. देव चांगला, त्याने घडवलेला दूत चांगला, जागा स्वर्गाची, मोहात पाडणारा दुसरा कोणी नाही. मग पहिली वाईट इच्छा आली कुठून? ऑगस्टीन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे मानी नावाच्या धर्मसंस्थापकाच्या पंथात होता, जिथे या प्रश्नाचे उत्तर सोपे असते: अंधार अनादी आहे, देवाचा त्याच्याशी संबंध नाही. तो पंथ सोडल्यावर हे उत्तरही त्याला सोडावे लागले. वाईट म्हणजे स्वतंत्र वस्तू नसून चांगल्याचा अभाव आहे, आणि वाईट इच्छेला घडवणारे कारण नसते, असते ती निव्वळ उणीव. तिचे कारण शोधणे म्हणजे अंधार डोळ्यांनी पाहू आणि शांतता कानांनी ऐकू म्हणण्यासारखे आहे, असे त्याने लिहिले. प्रश्न न सोडवता प्रश्नकर्त्याला गप्प करण्याचा याहून देखणा मार्ग मला माहीत नाही, आणि आपणही तो मुक्तहस्ते वापरावा.

अकराव्या शतकात नॉर्मंडीतील बेकच्या मठात अँसेल्मने सैतानाच्या पतनावर गुरुशिष्यांचा एक संवाद लिहिला. त्यातला शिष्य असा आहे की असा शिष्य आपल्या वाट्याला येऊ नये. 'जे तुला दिलेले नाही असे तुझ्याजवळ काय आहे?' हे पौलाचे वचन देवदूतांनाही लागू आहे का, असे तो आरंभीच विचारतो. आहे, असे गुरू म्हणतो. मग सैतानाला टिकून राहण्याचे बळ देवाने दिले नाही, म्हणून तो टिकला नाही. यात त्याचा दोष काय? गुरू म्हणतो, त्याने ते घेतले नाही, म्हणून ते दिले गेले नाही. शिष्य हटत नाही. घेण्याची इच्छाही दिलेलीच असणार ना? पानामागून पाने जातात, इच्छेचे न्यायाकडे आणि लाभाकडे ओढणारे दोन प्रकार पाडले जातात, आणि शेवटाजवळ शिष्य पुन्हा विचारतो की मग त्याने तसे इच्छिले तरी का. इच्छिले म्हणून इच्छिले, याखेरीज दुसरे कारण नाही, असे गुरूचे उत्तर आहे. आपल्या सभेत कोणी इथवर पोहोचलेच, तर वेळ संपल्याचे जाहीर करावे.

चर्चच्या परिषदांचा दाखला जवळ बाळगावा. 561 साली ब्रागाच्या परिषदेने आणि 1215 साली चौथ्या लॅटरन परिषदेने जे म्हटले त्याचा गाभा एकच: सैतान आणि इतर दुष्टात्मे देवाने स्वभावतः चांगले निर्माण केले, आणि ते आपले आपणच वाईट झाले. दुसऱ्या खेपेस समोर कॅथर पंथाचे लोक होते, ज्यांच्या दृष्टीने हे भौतिक जगच दुष्ट तत्त्वाचे काम होते. सगळा प्रश्न त्या 'आपले आपणच' या दोन शब्दांत मिटवून टाकलेला आहे, म्हणून ते उच्चारताना आवाज चढवावा.

सैतानाच्या उद्धाराविषयी बोलायचे झाल्यास आधी आपली पत पाहावी. शेवटी सर्व काही देवाकडे परतेल या ऑरिजेनच्या विचारातून सैतानही सुटतो असा अर्थ काढला गेला. आपण तसे म्हटलेले नाही असे तो जिवंतपणी सांगत होता, तरी मृत्यूनंतर सुमारे तीनशे वर्षांनी, 543 साली, सम्राट जस्टिनियनने त्याच्या मतांवर शाप काढला. निस्साच्या ग्रेगरीने दुष्टाईचा मूळ जनकही बरा होईल असे लिहून ठेवले, आणि तो संत आहे.

आधुनिक बाण्याच्या वाचकासाठी सैतान मुळातच नाही असे म्हणण्याची सोय आहे, मात्र ती पूर्वी महाग पडत असे. बाल्थासार बेकर या अॅमस्टरडॅमच्या पाद्र्याने 1691 साली सैतानाचे अस्तित्व नाकारलेसुद्धा नव्हते, त्याला जगात ढवळाढवळ करण्याचे सामर्थ्य नाही एवढेच म्हटले होते. पुढच्याच वर्षी त्याला पदावरून काढले गेले. 1941 साली जर्मन धर्मशास्त्रज्ञ बुल्टमानने विजेचा दिवा आणि रेडिओ वापरणाऱ्याला नव्या करारातील भुताखेतांच्या जगावर विश्वास ठेवता येणार नाही असे सांगितले, तेव्हा त्याचे प्राध्यापकपद शाबूत राहिले. उलट 1972 साली पोप सहावे पॉल यांनी वाईट ही केवळ उणीव नसून तो सजीव, आत्मिक कर्ता आहे असे बजावले. ऑगस्टीनची 'उणीव' आणि पोपचा 'कर्ता' एकत्र कसे नांदतात, हे दोघांनाही मानणाऱ्याला विचारून पाहावे. उत्तर लांब असते आणि ऐकणाऱ्याला झोप लागते.

सर्व पक्षांना एकत्र बसवायचेच असेल, तर प्रभूच्या प्रार्थनेवर बसवावे. मत्तयाच्या ग्रीक मजकुरात शेवटची मागणी ज्या शब्दाने संपते त्याचे षष्ठीतील रूप पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी असे दोन्ही तंतोतंत सारखे आहे. पुल्लिंगी धरला तर 'त्या दुष्टापासून सोडव', नपुंसकलिंगी धरला तर 'वाइटापासून सोडव'. आपण गुडघे टेकून नेमकी कोणापासून किंवा कशापासून सुटका मागतो, हे व्याकरण सांगत नाही. प्रार्थना मात्र सगळे एका सुरात म्हणतात, आणि 'आमेन'नंतर लगेच वादाला बसतात.

वाद रंगात आला आणि मुद्दे संपले, की समोरच्याच्या तोंडून सैतान बोलतो आहे असे सांगावे. दोन्ही बाजूंकडून ही युक्ती इतकी चालते, की सैतान दोन्हीकडून बोलतो असे एखाद्या तटस्थ माणसाला वाटावे. फक्त त्या वेळी कोणी यहूदाचे पत्र उघडणार नाही याची दक्षता घ्यावी. प्रत्यक्ष सैतानाशी समोरासमोर झालेल्या एका वादाची त्यात नोंद आहे: मोशेच्या मृतदेहावरून आद्यदेवदूत मीखाएल त्याच्याशी भांडत होता, तरी त्याच्यावर निंदेचा शब्द टाकायला तो धजला नाही, प्रभूच तुला धमकावो, एवढेच म्हणाला. अर्थात मीखाएलासमोर सैतान होता. आपल्यासमोर दुसऱ्या पंथाचा ख्रिस्ती बंधू आहे, त्यामुळे इतके तोंड सांभाळण्याचे काही कारण नाही.