डासवाढीसाठी लोकसहभाग

महापालिका एकट्याने डास वाढवू शकत नाही, गल्लीची साथ लागते. सोलापुरात ती मुबलक आहे, फक्त पद्धत नीट हवी.

सुरुवात बॅरलपासून करा. चार-पाच दिवसांनी नळ आला की दोनशे लिटरचं बॅरल वरून भरून घ्यावं, तळाचं शिळं पाणी ओतू नये. उजनीचं पाणी काय फुकट येतं? डेंग्यूवाली एडिस मादी अंडी चिकटवते ती पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, बॅरलच्या ओलसर भिंतीवर. वाळली तरी ती कित्येक महिने टिकतात आणि पाणी वर चढून भिजली की फुटतात. म्हणजे नळ आला की पाळणा हलला! कुणाला स्वच्छतेची फारच हुक्की आली तर बॅरल नुसतं उलटं करून विसळू द्यावं. आत घासणी मात्र फिरवू देऊ नका, अंडी फक्त त्यानेच निघतात. तोंडाला फडकं बांधायचंच असेल तर मधे झोळ पडून पाण्याला टेकेल असं सैल बांधा. दिसायला झाकलेलं, वागायला उघडं.

पाऊस सुरू झाला की कूलर बंद करावा, टाकीतलं पाणी तसंच राहू द्यावं. फ्रिजच्या मागचा ट्रे तर कुणाला आठवतही नाही, त्यामुळे त्याची काळजी नको.

आशाताई टॉर्च घेऊन आल्या तर उंबऱ्यावरूनच सांगा, "आमच्याकडं काय नाही हो." उजेड पडला की अळ्या वळवळत तळाला जातात, तेवढ्यात झाकण लावून घ्यावं. पाण्यात टाकायच्या टेमीफॉस या अळीनाशकाला नकार द्या, वास येतो म्हणून. लिटरला एक मिलिग्रॅम एवढंच टाकतात, पण नाक आपलं आहे. गप्पी मासे हौदात सोडलेच, तर रोज भाकरीचा चुरा घाला. भरल्या पोटी ते अळ्यांच्या मागे धावत नाहीत.

मग नगरसेवकाला फोन करून धुराची मागणी करावी. यंत्र गल्लीत शिरताच दारं-खिडक्या घट्ट लावा, कारण एडिस घरातच असतो, खुंटीवरच्या कपड्यांमागे, पलंगाखाली. अळ्यांना धुराने काही होत नाही. आठवड्याभरात नवी तुकडी हजर.

कोरडा दिवस मात्र घातक. उन्हाळ्याच्या उष्म्यात अंड्याचा डास व्हायला साधारण आठ दिवस लागतात, आणि सगळ्या गल्लीने दर आठवड्याला एकाच दिवशी भांडी रिकामी केली तर पिढीच बुडेल. म्हणून बैठकीत गटाराचा विषय काढा. एडिस गटारात वाढत नाही, पण चर्चा तासभर चालते. उरलेला वेळ चाळीच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण घरमालकाने आणायचं की भाडेकरूंनी, यात घालवावा.

आता शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. अंड्यातून निघालेल्या डासाकडे सहसा विषाणू नसतो, तो त्याला माणसाकडूनच घ्यावा लागतो. ताप आल्यावर पहिले चार-पाच दिवस रुग्णाच्या रक्तात तो असतो आणि एडिस दिवसा चावतो. तेव्हा तापकऱ्याला दुपारी पुढच्या खोलीत मच्छरदाणीशिवाय झोपवा, आणि रिपोर्ट शेजारी कुणाला दाखवू नका.