इंद्रायणीच्या घाटावर बसून बघा
पर्यावरणाची चिंता सतावत असेल तर नदीकाठी बसून श्वासाकडे लक्ष द्या, असं एका लेखात वाचलं. उपाय चांगलाच आहे, मीही करते. पण आळंदीच्या घाटावर बसून बघा. इंद्रायणीवर कितीदा तरी पांढरा फेस तरंगत असतो, उग्र वास नाकात जातो. कारखान्यांचं रसायनमिश्रित पाणी, वरच्या वस्त्यांचं मैलापाणी, सगळं नदीतच. तरी वारकरी हाताने फेस बाजूला सारून डुबकी मारतात, तेच पाणी तीर्थ म्हणून ओठांना लावतात. जीव तुटतो बघून. ही अस्वस्थता म्हणजे आजार नव्हे, ती घालवायची कशाला? ध्यानाने डोकं शांत होतं हे खरंच. त्याच शांत डोक्याने सांडपाण्याचा जाब विचारायला हवा. कीर्तनकारांनीही हा विषय घ्यावा, त्यांचं लोक ऐकतात.