लिझ वॉकर यांच्यावरील लेख : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली. आधी माझी चूक कबूल करते. लिझ वॉकर म्हणजे अमेरिकेतल्या बॉस्टनच्या टीव्ही निवेदिका, ज्या पुढे चर्चच्या पाळक, म्हणजे धर्मगुरू झाल्या. त्यांनी हार्वर्डमधून डॉक्टरेट घेतली असं मी लिहिलं होतं. प्रत्यक्षात 2005 मध्ये त्यांनी तिथल्या डिव्हिनिटी स्कूलची, म्हणजे धर्मशास्त्र शिकवणाऱ्या विभागाची, मास्टर्स पदवी घेतली. लेखात दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिलंत, आभार.

आता तुमच्या त्या एका वाक्याबद्दल. ‘पडद्यावरचं वय सरलं की बाईमाणसाला देव आठवतो, प्रेक्षक गेले की चर्चची मंडळी चालते.’ याच्या खालीच तुम्ही 34 वर्षं पत्रकारितेत काढल्याचं सांगता. इतकी वर्षं शब्दांवर जगलेल्या माणसाला ‘बाईमाणूस’ सोडून दुसरा शब्द सुचला नाही? एखादा पुरुष निवेदक पाळक झाला असता, तर त्याचं वय तुम्ही काढलं असतंत का? मतभेद असू द्या. पण हा सूर मला सहन होत नाही.

आणि वयच काढलंत तर ऐका. वॉकर 1980 मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यूबीझेड वाहिनीत आल्या. जेमतेम सहा वर्षांपूर्वी त्याच शहरात कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेच्या बसवर दगड पडले होते. तिथे त्या, स्वतः कृष्णवर्णीय असलेल्या, रोज संध्याकाळी घराघरांत बातम्या सांगू लागल्या. 1987 मध्ये लग्नाशिवाय आई होणार म्हणून त्यांच्यावर जाहीर टीका झाली. मूल झालं आणि त्या परत त्याच खुर्चीत येऊन बसल्या. 2001 मध्ये गुलामगिरीची बातमी करायला सुदानला गेल्या. बातमी झाली, पण तिथल्या बायकांना त्या विसरू शकल्या नाहीत. पुढे मैत्रिणींसोबत संस्था काढून मुलींच्या शाळेसाठी झटल्या. धर्मशास्त्राची पदवी हाती आली तेव्हाही त्यांचा रविवारचा कार्यक्रम चालू होता. मग कुठलं वय सरलं होतं?

2011 पासून त्या बॉस्टनच्या रॉक्सबरी वस्तीतल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या पाळक होत्या. वस्तीत गोळीबार नित्याचा. कोरी जॉन्सन नावाच्या तरुणाचा खून झाला, त्याच्या नावाने त्यांनी तिथे आघातातून सावरणाऱ्यांसाठी काम उभं केलं. लोक जमतात, सोबत जेवतात, गेलेल्या मुलाबद्दल बोलतात, बाकीचे ऐकतात. यातले ‘प्रेक्षक’ कोण, ते तुम्हीच सांगा.

मी स्वतः 11 वर्षं मराठी वाहिनीत बातमीदार होते, म्हणून हे इतकं लागलं. मराठवाड्यात एका आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी गेलो होतो. थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन बाहेर उभी, डेस्कवरून सारखे फोन, सहाच्या बुलेटिनला बाइट, म्हणजे तिच्या बोलण्याचा तुकडा, हवाच. त्याच्या आईने बोलता बोलता बूम, म्हणजे आमचा माइक, दोन्ही हातांनी धरला, वरचा स्पंज कुरवाळत राहिली, पोराचं डोकं कुरवाळावं तसा. तो माझ्याकडून सोडवून घेववेना. शेवटी कॅमेरामनने हळूच तिची बोटं बाजूला केली. निघताना तिने विचारलं, “बाई, परत येशील का गं?” येते म्हणाले. गेले नाही. तिचा बाइट 20 सेकंद चालला.

वॉकर माणसांपाशी थांबल्या, एवढंच मला लेखात सांगायचं होतं. तुम्हाला त्यात फक्त उतरतं वय दिसलं. 34 वर्षांत तुमचा बूम कुणी असा धरला नसेल, तर मला तुमचंच वाईट वाटतं. हे जरा कडक झालं, पण मागे घेणार नाही.

बातमीदाराने धर्मपदावर गेल्यावर निःपक्षपातीपणाचं काय, हा मुद्दा तुम्ही पाच ओळींत मांडलात. त्यावर पुष्कळ लिहून झालंय, पुन्हा उगाळत नाही. ‘परक्यांचं कौतुक कशाला’ याला तर उत्तर द्यायचीही गरज वाटत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, जशीच्या तशी आहे. पुन्हा लिहाल तेव्हा ‘एक ज्येष्ठ पत्रकार’ नको, खाली नाव घाला.