मारुला खाऊन हत्ती झिंगत नाहीत

डॉक्टरांनी ज्यांची दारू दोन वर्षांपूर्वी बंद केली, त्या आमच्या काकांनी परवा मला एक चित्रफीत मोठ्या उत्साहाने दाखवली. आफ्रिकेत मारुलाची सडलेली फळे खाऊन हत्ती झिंगतात, ती फळे त्यांच्या पोटात आंबतात आणि ही निसर्गाचीच दारू असल्यामुळे ती बाधत नाही, असा तिच्यातला दावा आहे. या समजाला हवा दिली ती १९७४ सालच्या एका दक्षिण आफ्रिकी चित्रपटाने, आणि पडद्यावर दिसले ते घडलेच असे मानण्याचे काकांचे वय निश्चितच उलटून गेले आहे.

पोटात आंबण्याची गोष्ट तर निव्वळ हास्यास्पद आहे. मारुला हे आंबा-काजूच्या कुळातले, लहानसे, मोठ्या बाठीचे फळ. ते हिरवेच गळते आणि जमिनीवर पिवळे होते. हत्तीच्या लिदीत त्याच्या बाठी सापडतात, कारण खाल्लेले दीड-दोन दिवसांत बाहेर पडते आणि आतड्यांतले जिवाणू साखरेपासून मुख्यतः आम्ले तयार करतात, दारू नव्हे. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली हिशेबच मांडला: ३,००० किलोच्या हत्तीला चढायला ७ टक्के मद्यार्काचे १० ते २७ लिटर द्रव थोड्या वेळात पोटात जायला हवे. फळात ३ टक्के मद्यार्क आहे असे उदारपणे धरले, तरी पाणी न पिता, केवळ मारुला, तोही नेहमीच्या कमाल आहाराच्या चौपट खावा लागेल.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. हा हिशेब माणसाच्या शरीरावरून केलेला होता, आणि मद्यार्क पचवण्यास मदत करणारे एक जनुक हत्तीत निकामी असल्याचे २०२० साली दाखवले गेले. म्हणजे त्याला कमी दारूही पुरत असेल. पण त्यामुळे फळात नसलेली दारू फळात येत नाही.

राहिला ‘निसर्गाची दारू’ हा घातक मुद्दा. नामिबियात बायका गाईच्या शिंगाने फळ फोडून रस काढतात आणि तो भांड्यात आंबवतात, तेव्हा कुठे ‘ओमागोंगो’ हे पेय तयार होते. म्हणजे ही दारू माणसाच्या हातची आहे. तिच्यातला मद्यार्क गुत्त्यावरच्या मद्यार्काहून रेणूभरही वेगळा नसतो, आणि काकांच्या यकृताशी गाठ आहे ती त्याचीच.