इनिशिएटिव्हची ती यादी आता बंद करा

डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, डाइस टाकून आपापलं पात्र खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळणाऱ्यांनो, मनापासून सांगतोय. फाइट सुरू झाली की डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, प्रत्येकाला इनिशिएटिव्हचा आकडा विचारत बसतो (डाइस टाकून ठरतो, ज्याचा मोठा तो आधी खेळतो), तुझा किती, चौदा, तुझा, चौदाच, मग डेक्स, म्हणजे चपळाई, कुणाची जास्त, आणि तेवढ्यात सगळा ताण उतरून जातो. पाचव्या एडिशनमध्ये एकदा लागलेला क्रम फाइट संपेपर्यंत तोच. एक राउंड म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद, पण सहा खेळाडू आणि ढीगभर गॉब्लिन असले की तेच सहा सेकंद अर्धा तास खातात. टर्न झालेला माणूस मोबाइल काढतो, त्यात त्याची काहीच चूक नाही, त्याला करायला ठेवलंयच काय?

त्यात तिसऱ्या एडिशनला टर्न डिले करता, म्हणजे मागे ढकलता यायची, पाचवीत तेही काढलं. रेडी आहे, म्हणजे अमुक झालं की मी हे करीन असं आधी सांगून ठेवणं, पण त्यात रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या टर्नमध्ये करायची झटपट कृती) जाते आणि फायटरचा, म्हणजे योद्ध्याचा, एक्स्ट्रा अटॅकही (जादा वार) मिळत नाही.

१९८१ च्या बेसिक सेटमध्ये किती सोपं होतं बघा, दर राउंडला दोन्ही बाजूंनी सहाचा एकेक डाइस टाकायचा, जिंकेल ती बाजू आधी. आम्ही सुदामानगरला रविवारी बसतो तिथे आता हेच चालतं, आपल्या बाजूत कोण आधी ते आम्हीच ठरवतो. परवा क्लेरिक (देवभक्त पात्र) खेळणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "थांब रे, आधी ब्लेस टाकते, मग घुस," म्हणजे साथीदारांच्या वाराला चारचा डाइस जोडणारा मंत्र, रोग म्हणजे चोराचं पात्र खेळणारा म्हणाला मी कंदील फोडतो, आणि फायटरवाला पोर शेवेची प्लेट बाजूला सारून उभाच राहिला, त्याच्या हातात वीसचा डाइस आणि ब्लेसचा चारचा, दोन्ही. जुन्या क्रमात तो अठरावर असता आणि वहिनी सहावर, म्हणजे ब्लेस यायच्या आत त्याचा वार होऊन गेलेला.

धोका आहे, मान्य. शत्रू एका राउंडला शेवटी आणि पुढच्याला आधी आले तर लागोपाठ दोनदा मारतात, पहिल्या लेव्हलचा विझार्ड त्यात जातोच. मला ती भीती हवीशी वाटते.

डॅगरहार्ट नावाच्या दुसऱ्या अशाच खेळासारखं इनिशिएटिव्हच नको, असंही म्हणणारे आहेत, पण तिथे बोलकी माणसं पुढे पुढे करतात आणि गप्प बसणारं पोर मागेच राहतं. आमच्याकडे दोन्ही बाजूंच्या प्रत्येकाची टर्न झाल्याशिवाय राउंड संपत नाही.

खरी तक्रार एकच, अलर्ट फीट (इनिशिएटिव्हचा आकडा वाढवणारी पात्राची खास क्षमता) घेणाऱ्याचा बोनस वाया जातो, आणि ती रास्त आहे. म्हणून पहिल्या राउंडला अलर्टवाला दोन्ही बाजूंच्या आधी खेळतो.