'पत्ते आहेत ना, मग टाका सगळे लिस्टमध्ये' हा सल्ला मुद्द्यागणिक का चुकतो

गेले काही दिवस एक सल्ला खूप फिरतोय, माझ्याकडेच तो तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला म्हणून शेवटी लिहायला बसलोय. सल्ला असा, की तुमच्याकडे जमलेले सगळे ईमेल पत्ते, म्हणजे जुने ग्राहक, कार्यक्रमांच्या नोंदणीचे कागद, व्हिजिटिंग कार्डं, फोनमधले कॉन्टॅक्ट, हे सगळं एका सीएसव्ही फाइलमध्ये (म्हणजे साध्या तक्त्यात) घाला आणि मेलिंग लिस्टमध्ये एका झटक्यात इम्पोर्ट करा. खाली अनसबस्क्राइबची लिंक असतेच, ज्याला नको तो जाईल. हजारातले दहा जण चिडले तर बिघडत नाही. कायद्याने याला परवानगी आहे. पत्ते आधी टूलने तपासून घेतले की झालं. आणि कन्फर्मेशनचा मेल, म्हणजे 'नाव तुम्हीच नोंदवलंत ना, तसं कळवा' असं विचारणारा मेल, अजिबात पाठवू नका, त्यात लोक गळतात.

मी एका स्वयंसेवी ग्रुपची मेलिंग लिस्ट सांभाळतो, आणि ती ताब्यात आली तेव्हा नेमकं हेच आधी कुणीतरी करून ठेवलं होतं. त्याचे परिणाम निस्तरण्यात माझे कित्येक महिने गेले, म्हणून हा सल्ला वाचला की गप्प बसवत नाही.

सुरुवात लिंकपासून करू. जरा त्या माणसाच्या जागी बसून बघा, सकाळी मेल उघडला, पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं नाही, आपण कधी काही मागितल्याचं आठवत नाही. अनोळखी मेलमधल्या लिंकवर क्लिक करू नका असं आपणच सगळ्यांना वर्षानुवर्षं बजावत आलोय, मग तो खाली जाऊन बारीक अक्षरातली लिंक शोधेल का? तो वरचं स्पॅमचं बटण दाबेल. त्यात त्याची काहीच चूक नाही. मुळात न मागितलेली गोष्ट काढून टाकायचं काम तुम्ही त्याच्या गळ्यात घातलंत, एवढंच त्या लिंकने झालं.

आता ते हजारात दहा. सगळ्यात जास्त नुकसान या मुद्द्याने होतं म्हणून इथे जरा थांबतो. जीमेल आणि याहूने ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२४ पासून ते लागू व्हायला लागले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५००० किंवा जास्त मेल पाठवत असाल तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या व्यवस्था) तिन्ही लावलेलं हवं, प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकवर अनसबस्क्राइब हवं, आणि स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवं, खरं तर ०.१ च्याही खालीच ठेवा असं गूगल सांगतं. आता हिशोब करा. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन. ०.१ टक्के म्हणजे हजारात एक. तुमचे ते दहा जण म्हणजे ०.३ टक्क्यांच्या मर्यादेच्याही तिपटीहून जास्त झाले की! आणि आम्ही कुठे रोज पाच हजार पाठवतो असं म्हणून सुटका नाही, कारण तक्रारींची ०.३ टक्क्यांची अट गूगलने लहानमोठ्या सगळ्याच पाठवणाऱ्यांना घातलीय.

आणि ती तक्रार फक्त त्या दहा जणांपुरती राहत नाही हो, ती तुमच्या डोमेनच्या, म्हणजे तुमच्या पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाच्या, नावावर जमा होते. त्यानंतर त्याच डोमेनवरून जाणारा प्रत्येक मेल संशयाने बघितला जातो, पावती असो, पासवर्ड बदलायचा मेल असो की मीटिंगचं निमंत्रण. आमच्याकडे हेच झालं. ज्यांनी स्वतःहून नाव नोंदवलं होतं, जे दर महिन्याच्या मेलची वाट बघायचे, त्यांचेच मेल स्पॅम फोल्डरमध्ये जायला लागले आणि कुणी कळवलंही नाही, कारण जो मेल दिसलाच नाही त्याबद्दल कोण काय कळवणार? एका वयस्कर सदस्यांना वाटलं आपलं नावच काढून टाकलं, त्यांनी फोन केला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. मला राग येतो तो याच गोष्टीचा, न मागणाऱ्यांना जबरदस्तीने घेण्याची किंमत मागणाऱ्यांनी भरली.

तरी ओपन रेट, म्हणजे किती जणांनी मेल उघडला तो आकडा, चांगला दिसत होता असं यावर कुणीतरी म्हणतंच. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं, ते चालू असलं की मेलमधली चित्रं माणसाने मेल उघडला नाही तरी आधीच लोड होतात आणि तुमच्या रिपोर्टमध्ये 'ओपन' म्हणून मोजली जातात. त्या आकड्यावरून कुणाला मेल आवडला हे ठरवू नका.

कायद्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करतो. अमेरिकेचा २००३ चा कॅन-स्पॅम कायदा आधी परवानगी घ्या असं म्हणत नाही. पण त्यातही खरा टपालाचा पत्ता द्यावा लागतो, फसवा विषय चालत नाही आणि नको म्हणणाऱ्याला कामकाजाच्या १० दिवसांत थांबवावं लागतं. आणि तो फक्त अमेरिकेचा कायदा झाला. कॅनडाचा कायदा १ जुलै २०१४ पासून लागू आहे आणि तिथे संमती होती हे सिद्ध करायची जबाबदारी पाठवणाऱ्यावर असते, खरेदीमुळे गृहीत धरलेली संमतीसुद्धा २ वर्षांनी संपते आणि नुसत्या चौकशीमुळे मिळालेली ६ महिन्यांत. युरोपात जीडीपीआर हा लोकांची खासगी माहिती जपणारा कायदा २५ मे २०१८ पासून आहे, स्वतःच्या ग्राहकाला तशाच वस्तूंबद्दल कळवायची थोडी मोकळीक तिथे मिळते, पण कुठून तरी गोळा केलेल्या पत्त्यांना ती लागू नाही, आणि आधीच टिक करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ ला स्पष्ट केलंय. तुमच्या फाइलमधला कुठला माणूस कुठल्या देशात राहतो हे ईमेल पत्त्यावरून कळतं का? नाही कळत. आणि समजा कायद्याने चाललं, तरी मेल इनबॉक्समध्ये घ्यायचा की नाही हे जीमेल, आउटलुक ठरवतात.

पत्ते तपासणारी टूलं फारतर पलीकडच्या सर्व्हरला हा पत्ता चालतो का एवढं विचारतात. काही डोमेन कुठल्याही नावाला हो म्हणतात. आणि स्पॅम ट्रॅप म्हणून, म्हणजे न विचारता पाठवणाऱ्यांना पकडायला, ठेवलेले पत्ते तर हो म्हणण्यासाठीच असतात! कुणीतरी सोडून दिलेला जुना पत्ता काही काळ बाउन्स होऊ देतात (म्हणजे मेल परत जाऊ देतात) आणि मग परत चालू करून सापळा म्हणून वापरतात, म्हणजे पाच वर्षं कपाटात पडलेल्या व्हिजिटिंग कार्डावरचा पत्ता टूलमध्ये हिरवा दिसेल आणि तुम्हाला ब्लॉकलिस्टवर, म्हणजे ज्यांचे मेल अडवायचे त्यांच्या यादीत, नेऊन बसवेल. पत्ता चालू असणं आणि त्या माणसाने हो म्हटलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी कुठल्याच टूलला कळत नाही.

राहिलं कन्फर्मेशन. लोक गळतात हे खरंय, पण गळतात ते कोण बघा. चुकीचा टाइप झालेला पत्ता गळतो, दुसऱ्याच कुणाचा टाकलेला पत्ता गळतो, ज्याला नकोच होतं तो गळतो. लक्षात नाही आलं म्हणून राहिलेले काही असतात, त्यांना एकदा आठवण करावी, बास. ऑगस्ट २०१६ मध्ये काय झालं ते हा सल्ला देणाऱ्यांनी जरूर वाचावं, कुणीतरी बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्राम, वापरून ठरावीक लोकांचे पत्ते, त्यात अमेरिकेतले सरकारी पत्तेही होते, असंख्य लिस्टांच्या फॉर्ममध्ये भरले आणि त्या लोकांचे इनबॉक्स अक्षरशः बुडाले. कन्फर्मेशन नसलेल्या लिस्टा यात हत्यार म्हणून वापरल्या गेल्या आणि त्या चालवणाऱ्यांना स्पॅमहाउस या ब्लॉकलिस्ट ठेवणाऱ्या संस्थेने यादीत टाकलं. त्यांनी स्वतः कुणाला त्रास द्यायचं ठरवलं नव्हतं, फक्त एक मेल वाचवला होता.

काही जण १९७८ चं उदाहरण पण देतात, की डेक या कॉम्प्युटर कंपनीच्या गॅरी थुर्कने अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवरच्या जवळपास ४०० जणांना न विचारता जाहिरात पाठवली आणि त्याचा माल विकला गेला. हो, पण तेव्हा वापरणारे मोजके होते आणि त्यांचे पत्ते छापील डिरेक्टरीत असायचे, फिल्टर नव्हते, आणि तरीही तक्रारी आल्याच, नेटवर्क चालवणाऱ्यांनी हा नियमभंग आहे असं लेखी कळवलं. त्यावरून आजचं काय ठरवणार?

एकदम खूप पत्ते टाकणंच वाईट असं मी म्हणत नाहीये. एका सिस्टिममधून दुसरीत जाताना इम्पोर्ट करावंच लागतं, मीही केलंय. जीएनयू मेलमॅन या मेलिंग लिस्ट चालवायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत 'मास सबस्क्रिप्शन'च्या पानावर पहिलाच प्रश्न असतो, यांना थेट सदस्य करायचं की निमंत्रण पाठवायचं. ज्यांनी आधीच हो म्हटलंय आणि कधी, कुठे म्हटलं ते फाइलमध्ये प्रत्येक नावापुढे लिहिलेलं आहे, त्यांना थेट घ्या. बाकीच्यांना निमंत्रण, तेही एकदाच आणि ज्यांच्याशी खरंच अलीकडे संबंध आलाय त्यांनाच. आणि इम्पोर्ट करायच्या आधी जुन्या सिस्टिममधून बाहेर पडलेल्यांची यादी नव्या सिस्टिममध्ये भरा, नाहीतर दोन वर्षांपूर्वी नको म्हणालेला माणूस नव्या फाइलमधून परत आत येतो. माझ्या आधी झालेल्या आमच्या त्या इम्पोर्टमध्ये असे बरेच जण परत आले होते, मी एकेकाला वेगळा मेल लिहून माफी मागितली आणि नाव काढलं.