व्हर्सायला ताडपत्रीसमोर

नोव्हेंबर ते मार्च पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्याच्या बागेला तिकीट लागत नाही, ही माहिती मी रांगेत मागे उभ्या असलेल्या एका पुणेरी काकांना आपणहून दिली. परोपकाराचं फळ हल्ली तिथल्या तिथे मिळतं.

राजवाड्यात ऑफ सीझन जाणवतच नाही. 73 मीटरच्या आरसेमहालात 357 आरसे, आणि प्रत्येकात कोणाची तरी पाठपिशवी. खरा ऑफ सीझन बागेत. पहिल्याच पुतळ्यापाशी काका थबकले.

"हे काय? गणपती आणताना तोंड झाकतात तसं?"

सांगितलं, की संगमरवराच्या बारीक भेगांत पाणी शिरतं, गोठलं की फुगतं, दगड तडकतो. म्हणून थंडीभर आवरण.

"बरं. पण आहे कोण आत?"

"झाकलाय हो काका, कसं कळणार?"

"तुम्ही माहितगार ना?" असं म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि काकूंना ताडपत्रीशेजारी उभं केलं. "आडवा घ्या. आता उभा. अंगठा आला तुमचा. कारंजं कधी उडणार?"

"एप्रिलमध्ये."

काका माझ्याकडे असे बघत राहिले, जणू नळ मीच बंद केला होता. सगळी कारंजी एकदम उडवण्याइतकं पाणी खुद्द चौदाव्या लुईकडेही नव्हतं. सीन नदीचं पाणी वर चढवायला 14 चाकांचं अवाढव्य यंत्र बसवलं, तरी पुरेना. मग राजा येताना दिसला की कामगार शिट्टी वाजवायचे. समोरचं कारंजं सुरू, मागचं बंद.

"राजाला शिट्टी तरी होती," काका म्हणाले.

यावर मात्र मी त्यांच्या बाजूने आहे. संत्री, ताड अशी हजारावर झाडं कुंड्यांसकट हिवाळाभर आत, उबेत. माणसांनी मात्र दीड किलोमीटरच्या कालव्यावरचा वारा खायचा. होड्या बंद, बाकं ओली, खडीच्या वाटांवर चिखल. बागेच्या पलीकडचे ट्रायनॉनचे छोटे महाल बारानंतर उघडतात, त्यामुळे सकाळी आधी तिकडे गेलेला माणूस दाराबाहेर कुडकुडतो. सकाळी राजवाडा, दुपारी ट्रायनॉन, पायात पाणी न शिरणारे बूट, आणि सोमवारी येऊच नये, कारण राजवाडा बंद. जाहिरातींत मात्र बारा महिने जूनच असतो.

"तुम्हीच म्हणालात ना तिकीट नाही? मग फुकटात हेच मिळणार," काकांनी निकाल दिला. मग फोटो तपासले, आणि फोन माझ्यादेखत पलीकडच्या एका मुलाकडे सोपवला.

"यांनी सगळ्यांत पुतळा झाकलेलाच घेतलाय," ते काकूंना म्हणाले.